पेजेची निवळ

डिचोलीच्या एका हायस्कुलात मी गेली बावीस वर्षं विज्ञान शिकवते. आठवीच्या वर्गात पचनसंस्थेचा तक्ता भिंतीला टांगला की मला चेवच येतो. पट्टीचं टोक ठेवत ठेवत अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंतची नावं मुलांकडून ओळीनं म्हणून घेते. मागच्या बाकावर कोणी फिदीफिदी हसलं तर त्यालाच पुढे बोलावून शेवटचं नाव मोठ्यानं म्हणायला लावते. एवढं सगळं तोंडपाठ असलेल्या बाईनं, सासूच्या पोटाचं मोठं ऑपरेशन होऊन चार दिवस झालेले असताना, तिला पेज पाजली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

पेजेबद्दल आधी थोडं सांगायला हवं, नाहीतर माझी चूक नुसती मूर्खपणाची वाटेल. मूर्खपणाची ती होतीच, पण आमच्या मुलखातली होती. उकड्या तांदळाची पेज आमच्याकडे सकाळी दहाला होते. ती प्यायलेल्या माणसाला अकरा वाजता विचारा, तो "अजून पोटात काही नाही" असंच सांगेल. जेवण म्हणजे दुपारचा भात आणि मासळीचं हुमण. पेजेचा हिशेब त्यात धरत नाहीत. ताप आला की पेज, जुलाब झाले की पेज, बाळंतिणीला पेज, डॉक्टरकडे नेण्याआधी पेज आणि तिथून आणल्यावरही पेज. तिच्यावर येणारी पातळ निवळ तर आम्ही तान्ह्या मुलालाही चमच्यानं देतो.

सासूबाई पेडण्याकडच्या. हरमलच्या अलीकडे, आतल्या गावात आमचं घर आहे. सासरे गेल्यावर त्या तिथे एकट्याच राहत. आजूबाजूच्यांनी पर्यटकांसाठी खोल्या काढल्या, ह्यांनी त्याच जागेत मिरच्या लावल्या. बाई हट्टी. कोणाकडे काही मागणं त्यांना माहीत नव्हतं. तहान लागली तरी सुनेला हाक न मारता गुडघे धरत स्वतः उठायच्या आणि मग मीच धावले की म्हणायच्या, "बस गो तूं, बुकां वाच." माझ्या पुस्तकांवर त्यांचा राग नव्हता, पण पुस्तकांनी काही शिजत नाही हे त्या अधूनमधून ऐकवत. आमचं भांडण कधी झालं नाही आणि जवळीकही झाली नाही. सणासुदीला एकत्र आलो की दोन शहाण्या बायका एका घरात राहतात तशा आम्ही राहत होतो.

गुडघ्यांसाठीच त्या डिचोलीला आमच्याकडे आल्या होत्या. गावात कोणीतरी सांगितलेल्या दुखण्याच्या गोळ्या त्या कित्येक महिने घेत होत्या, हे आम्हाला नंतर कळलं. एका रविवारी सकाळी मागच्या दारी बांगडे कापत बसल्या होत्या. तिसऱ्या बांगड्यावर हात थांबला. मी पाहिलं तर चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम.

"पोटांत कोणे सुरी मारली गो," एवढंच म्हणाल्या.

मी पोटाला हात लावला. ते लाकडाच्या पाटासारखं घट्ट झालं होतं. गॅस आहे, ओवा दे, असं त्यांचं चाललं होतं तोवर नवऱ्यानं गाडी काढली. मोठ्या इस्पितळात एक्स-रे निघाला. जिथे हवा असायलाच नको तिथे हवा दिसली. जठराच्या पुढे, लहान आतडं सुरू होतं तिथे भोक पडलं होतं, आणि आतलं सगळं पोटात पसरत होतं.

ऑपरेशन करणारी डॉक्टरीण तिशीतली, किरकोळ अंगाची, म्हापशाच्या बाजारात भेटली असती तर मी तिला कॉलेजची मुलगी समजले असते. तीन तासांनी ती बाहेर आली आणि मी शिक्षिका आहे हे कळल्यावर तिनं मला कागदावर चित्र काढून दाखवलं. भोक तुरीच्या डाळीएवढं. ते तिनं शिवलं होतं आणि वरून पोटातल्या चरबीचा एक पदर आणून बसवला होता.

"पदर?" मी विचारलं.

तर म्हणे, जठराच्या खालच्या कडेपासून चरबीचं एक पातळ वस्त्र आतड्यांवरून खाली लोंबत असतं, सगळ्यांच्याच पोटात. कुठे काही फुटलं, कुठे सूज आली, की ते आपण होऊन तिकडे सरकतं आणि त्या जागेला चिकटतं. "मी पोट उघडलं तेव्हा तो पदर भोकाजवळ पोचलेलाच होता, टीचर. माझ्याआधी त्यानं काम सुरू केलेलं. मी फक्त नीट बसवला."

मी तो कागद हातात धरून उभी राहिले. सासू कशी आहे हे विचारायचंही भान राहिलं नाही. बावीस वर्षं मी जो तक्ता टांगते त्यात हा पदर नाही. जठर आहे, यकृत आहे, आतड्यांची वेटोळी आहेत, पण धावून जाणारं, झाकून घेणारं असं काही त्यात कोणी रंगवलेलं नाही. मागच्या दारी त्या "ओवा दे" म्हणत माझ्याशी वाद घालत होत्या त्याच वेळी त्यांच्या आत हे चाललं होतं, आणि त्याची त्यांना काडीचीही कल्पना नव्हती.

बायकांच्या वॉर्डात बायकांनीच राहायचं असा नियम, म्हणून मी रजा टाकली. नाकात नळी, पोटाच्या कडेला एक जाड नळी आणि तिच्या टोकाला पिशवी, हाताला सलाईन. चौथ्या दिवशी नाकातली नळी निघाली. डॉक्टरीण म्हणाली, "आज पाणी सुरू करूया. चमचा-चमचा. पाणीच फक्त."

नवरा रोज सकाळी ट्रकांच्या कचेरीत जाण्याआधी माझ्यासाठी घरून थर्मासात पेज आणून देई, बरोबर मिठातल्या कैरीची फोड. मी खाटेकडे पाठ करून पीत असे. त्या दिवशी झाकण उघडल्यावर मागून आवाज आला.

"माका मातशी दी गो."

मी वळून पाहिलं. त्या मागत होत्या. माझ्याकडे, तोंडानं, पहिल्यांदा. ओठ सुकून त्यांना भेगा पडलेल्या, आणि नजर थर्मासाच्या झाकणावर.

"आई, डॉक्टरनी फक्त पाणी सांगितलंय."

"निवळ म्हणजे उदकच न्हय गो?"

आणि मला ते पटलं! लाज वाटते सांगायला, पण अगदी सहज पटलं. स्टार्च, ग्लुकोज, पाचकरस, सगळं मला येतं. पण त्या क्षणी मी टीचर नव्हतेच. निवळ म्हणजे पाणीच, हे मला तक्त्याच्या आधीपासून ठाऊक होतं. मी चार चमचे पाजले. त्यांनी डोळे मिटून घेतले. "मीठ कमी घातलां," म्हणाल्या, आणि आम्ही दोघी हसलो. टाके ओढले म्हणून त्या पोट धरून हसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा मागितली, आणि ह्या वेळी चमच्याच्या तळाशी चार शितंही गेली. मला आतून इतकं बरं वाटत होतं की काय सांगू. लग्नाच्या पंचवीस वर्षांत मला जे जमलं नाही ते चार चमच्यांत जमलं असं वाटलं.

सहाव्या दिवशी सकाळी त्यांना थंडी वाजून ताप भरला. पोट पुन्हा फुगलं. नर्सनं कडेची पिशवी उचलून पाहिली आणि डॉक्टरणीला बोलावून आणलं. पिशवीत आदल्या दिवसापर्यंत पिवळसर पाणी होतं. आता हिरवट, गढूळ काहीतरी होतं आणि त्यात पांढरे कण तरंगत होते. काही कणांना उकड्या तांदळाच्या कोंड्याची तांबूस कड होती.

डॉक्टरणीनं पिशवी खिडकीच्या उजेडात धरली. "ह्यांना काय दिलंत?"

"पाणी," मी म्हणाले.

माझ्याच तोंडून तो शब्द गेला. वर्गात खोटं बोलणाऱ्या पोराला मी तासभर उभं करते.

"पाण्याला कोंडा असतो?"

 तेवढ्यात खाटेवरून, दातांवर दात वाजत असताना, सासूबाईंचा आवाज आला. "हांवें घेतली. तिका खबर ना. ती भायर गेल्ली तेन्ना."

डॉक्टरणीनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि ती कामाला लागली. शिवलेलं पुन्हा गळत होतं. पुन्हा पोट उघडायचं, आजच, आणि ह्या वयात, ह्या तापात काय होईल ते सांगता येत नाही, असं तिनं नवऱ्याला फोनवर सांगितलं. तो धापा टाकत पोचला तेव्हा खाट आत गेली होती. "आये अशी कशी गो? सांगूनसुद्धा चोरून पेज?" तो भिंतीला टेकून रडवेला होऊन म्हणत होता. मी त्याच्या शेजारी उभी होते. "मी दिली" हे दोन शब्द मी काही उच्चारले नाहीत. बाई जगल्या तर सांगेन, असं ठरवलं. मग वाटलं, आणि नाही जगल्या तर? मग तर मुळीच सांगता यायचं नाही. माझा जीव अक्षरशः टांगणीला लागला होता, आणि त्यात किती भाग त्यांच्या जिवाचा होता आणि किती माझ्या खोट्याचा, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

त्या जगल्या. आठ दिवस अतिदक्षता विभागात काढून वॉर्डात परत आल्या तेव्हा अर्ध्या झाल्या होत्या. पोटात आणखी एक बारीक नळी बसवली होती, थेट आतड्यात, खाली. आणि वरची जखम शिवलेलीच नव्हती. आत पू झाला होता, म्हणून ती उघडी ठेवली होती, बेंबीच्या वर हाताच्या वितीएवढी.

पहिल्या दिवशी ड्रेसिंगला मी तोंड फिरवलं. नर्स केरळची, कोंकणी माझ्यापेक्षा झ्याक बोलणारी. ती म्हणाली, "घरी तुम्हालाच करायचंय. बघा."

मी पाहिलं. मासळी साफ करण्यात माझा जन्म गेला, आतडी-कोतडी मला नवी नाहीत. पण ती मेलेली असतात. हे जिवंत होतं. लालभडक, ओलं, श्वासाबरोबर वरखाली होणारं. नर्स आत मिठाच्या पाण्यात भिजवलेली गॉजची पट्टी भरत गेली. तीन पट्ट्या मावल्या. "वरून बंद करायची नसते," ती म्हणाली, "खालून भरून यायला हवी."

आणि ती खालून भरून येऊ लागली. रोज सकाळी मी पाहत होते. तळाशी बारीक बारीक लाल दाणे दिसू लागले, तरव्यात भात उगवून येतं तसे दाटीवाटीनं. आठवड्यानं दोन पट्ट्या मावू लागल्या. मग दीड. बाई झोपलेल्या असत, कण्हत असत, कधी कोणावर तरी करवादत असत, आणि त्यांच्या मांसाला त्याचं काही नव्हतं. ते आपलं वर चढत होतं. 'पेशीविभाजनामुळे जखम भरून येते' हे वाक्य मी दर वर्षी फळ्यावर लिहिते, मुलं ते उतरवून घेतात आणि मी पुसून टाकते. सत्तरीला आलेल्या, दोनदा फाडलेल्या, पेजेचं पाणीही पचवू न शकलेल्या देहाला इतकी अक्कल कुठून आली? हुकूम कोण देत होतं? 

एके दिवशी जखमेच्या बाजूला, ओटीपोटावर, मला पांढुरक्या रेघा दिसल्या. बाळंतपणाच्या रेघा, माझ्याही पोटावर आहेत तशाच. एवढं एकच मूल झालेलं त्यांना. म्हणजे ह्या रेघा माझ्या नवऱ्याच्या. मी जिथे गॉज भरत होते त्याच्या चार बोटं खाली तो माणूस नऊ महिने राहिला होता. ज्याच्याशी मी इतकी वर्षं संसार केला, ज्याच्या शर्टाची बटणं लावली, त्याचं पहिलं घर माझ्या हाताखाली होतं आणि ते मी पुसत होते. मला रडू फुटलं. सासूबाई म्हणाल्या, "घाण येता जाल्यार रुमाल बांध गो." मी म्हटलं, नाही आई, घाण नाही येत.

त्याच आठवड्यात डॉक्टरणीनं खालच्या नळीतून अन्न सुरू केलं. मला बाजूला घेऊन म्हणाली, "तांदळाची पेज करा. मऊ शिजवून, मिक्सरला लावून, पातळ फडक्यातून दोनदा गाळून. सिरिंजनं हळूहळू सोडायची. वरून पाणी, नाहीतर नळी तुंबते."

पेज म्हटल्यावर माझा बांध फुटला. मी तिथल्या तिथे, औषधांच्या ढकलगाडीजवळ उभी राहून सगळं सांगितलं. चमचे, शितं, निवळ, आणि माझं ते "पाणी".

तिनं ऐकून घेतलं. "मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "त्यांच्या एका हाताला सलाईन होतं, उठून बसता येत नव्हतं. थर्मासाचं झाकण कसं काढतील?"

"मग माझ्या पेजेमुळेच फुटलं?"

 "ते मला सांगता येणार नाही, टीचर. पोट आधीच खराब झालेलं, मांस कच्चं. तो टाका कदाचित तसाही सुटला असता. गळती आहे का हे पाहायला आम्ही कधीकधी निळं औषध पाजतो, नळीत निळं आलं की कळतं. तुमची पेज आली. म्हणून मी त्याच दिवशी आत गेले, थांबले नाही. पण तुम्ही पाणी म्हणालात ते वाईट केलंत. कोंडा नसता तर मी तुमच्यावर विश्वास ठेवला असता."

सुटका झाली असं वाटलंच नाही. पण निदान एका माणसाला खरं माहीत होतं, आणि त्या माणसाच्या हातांनी माझी सासू दोनदा उघडून पाहिली होती.

दीड महिन्यानं आम्ही घरी आलो. नळ्या एकेक करून निघाल्या, जखम भरली, वर आडवातिडवा गुलाबी वण आला. आतली बाजू अजून कमजोर आहे. खोकलं की वणाच्या जागी लिंबाएवढा फुगवटा येतो, म्हणून पोटाला पट्टा बांधतात. वजन उचलायचं नाही. हे पुढे पुन्हा शिवावं लागेल कदाचित. बाईंच्या पट्ट्याला शिव्या घालून झाल्या आणि तो आता साडीखाली बसला.

बघायला येणाऱ्यांची रीघ लागली. पेडण्याहून, मोरजीहून, वाळपईहून माणसं आली. प्रत्येकासमोर सासूबाई आपली चोरी रंगवून सांगत. सून बाहेर गेली कशी, थर्मास ओढला कसा, शितंसुद्धा सोडली नाहीत कशी. लोक हसत. नवरा मात्र प्रत्येक वेळी चिडे. "जिवावर बेतलं होतं आणि हिला मजा वाटते," असं तो चारचौघांत सुनवी. मी चहा घेऊन आत-बाहेर करत असे. एकदाही तोंड उघडलं नाही.

एका दुपारी आम्ही तिघंच जेवत होतो. त्यांनी लोणच्याच्या बरणीकडे हात नेला आणि नवरा ओरडला, "आये, परत चोरून खायला सुरुवात केलीस? एकदा मरता मरता वाचलीस तेवढं पुरे नाही?"

हात बरणीवरच राहिला.  तो थांबलेला हात मला बघवेना.

"त्यांनी चोरली नव्हती," मी म्हणाले. "मी पाजली. दोन दिवस. माझ्या हातानं. आणि डॉक्टरशी खोटं बोलले."

नवऱ्याचा घास ताटात पडला. तो माझ्याकडे पाहत राहिला, आणि त्याच्या डोळ्यांत मला तो राग दिसला ज्याची भीती मी इतके दिवस बाळगली होती. मग तो आईकडे वळला. "खरें?"

"हय. हांवें मागली, तिणें दिली."

"मग तूं फट कित्याक मारली?" त्या खोट्याचं कारण मलाही हवं होतं.

सासूबाईंनी लोणच्याची फोड उचलून ताटात ठेवली. "त्या दिसा हांव मरतां अशेंच दिसलें माका. हांव गेल्यार तूं तिका जल्मभर खातलो. मेल्ल्या मनशाचेर कोण राग धरता?"

अंगात एकशे तीन ताप, पोटात विष पसरत चाललेलं, समोर मरण. आणि आपण गेल्यावर मुलगा सुनेला जन्मभर बोल लावील, एवढा विचार ह्या बाईनं तेवढ्या वेळात करून ठेवला होता, माझ्यासाठी. तोपर्यंत त्यांच्या पोटात मी जे जे पाहून थक्क झाले होते, ते सगळं त्या क्षणी मला साधं वाटलं.

 नवऱ्यानं पाण्याचा तांब्या उचलला, आधी आईच्या पेल्यात ओतलं, आणि मग माझ्या.